कागद आला कुठून?
मराठेकालीन युद्धपत्रांवरील बनावट हस्ताक्षरांच्या प्रश्नाचा आढावा

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या परिसरात एक शिलालेख आहे. व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसल्यांनी १६६९ साली मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला दिले, असे त्यात नोंदलेले आहे. मल्लपूर म्हणजेच आजचे मल्लेश्वरम. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बंगळुरू घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्यानंतर एकोजी या त्यांच्या मुलाकडे गेले. बी. एल. राईस यांनी १९०५ साली ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात बंगळुरू जिल्ह्याचे लेख छापले, त्यामुळे हा लेख कुणालाही ताडून पाहता येतो. त्यावर एकोजीराजांची सही नाही आणि तिची उणीव आजवर कुणाला भासलेली नाही. ज्या देवाला दान दिले त्याच्याच दारात दगड उभा आहे. गाव कोणते, देव कोणता, देणारा कोण, हे सारे तो स्वतः सांगतो, आणि शंभराहून अधिक वर्षे त्याचा मजकूर छापील स्वरूपात जगापुढे आहे. त्याच भोसले घराण्याचा, त्याच शतकातला एखादा कागद लिलावात आला की मात्र पहिला प्रश्न विचारला जातो तो सहीचा. सही कुणाची, अक्षर महाराजांचे की चिटणिसाचे, पेशव्यांचे की कारकुनाचे, यावर बोली चढते. माझे म्हणणे असे की मराठेकालीन कागदांच्या बाबतीत हा प्रश्न पहिला विचारण्याजोगा नाही. तो पहिला विचारल्यामुळेच बनावटीला वाट मिळते.

आधी मराठी दफ्तराची रीत पाहू. नावाची सही करून कागद खरा ठरवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली ती इंग्रजी अमदानीत. त्याआधी कागदाचा खरेपणा त्याच्या अंगभर विखुरलेला असे. माथ्यावर शिक्का असे. मजकूर संपला की मोर्तब होई, म्हणजे यापुढे कुणी ओळ घुसडू नये म्हणून घातलेले कुंपण. लांब पत्राचे बंद एकमेकांना चिकटवले तर सांध्यावर पाठीमागून शिक्का उठे. शिवाय सुरुसूद, बार अशा दफ्तरी नोंदी असत. पत्र किती हातांतून गेले हे त्यांवरून कळते. शिवाजी महाराजांचा अष्टकोनी शिक्का रांझे गावच्या पाटलासंबंधीच्या १६४६ च्या पत्रावर आहे आणि तो तिथे सहीचेच काम करतो. महाराजांच्या स्वतःच्या अक्षराचा सर्वमान्य नमुना कोणता, यावर मात्र इतिहासकारांचे आजही एकमत नाही. म्हणून ‘शिवाजी महाराजांची सही असलेले पत्र’ हे वर्णन वाचताच सावध व्हायला हवे. ताडून पाहायला निर्विवाद नमुनाच नसेल तर अक्षर जुळते असे कुणी कशाच्या आधारावर म्हणावे? पेशवाईत स्थिती थोडी वेगळी आहे. पत्राचा मजकूर कारकून लिहीत आणि शेवटच्या एकदोन ओळी धनी आपल्या हाताने घालीत. यालाच दस्तुरखुद्द म्हणतात. अशा ओळी असलेली पत्रे पुण्याच्या दफ्तरात आहेत, त्यामुळे पेशव्यांचे अक्षर ताडून पाहता येते. तिथेही दस्तुरखुद्द ओळ ही पत्राची शेपूट आहे. ज्याला फक्त शेपटाचे मोल वाटते, तो बाकीचा सगळा कागद न तपासता पुढे जातो.

बनावट करणारा नेमका याच ठिकाणी फसतो, कारण सही उतरवता येते पण दफ्तराची सवय उतरवता येत नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेषा ओढी आणि मग बोरू कमीत कमी उचलत अक्षरे त्या रेषेला टांगत जाई. आजचा माणूस शब्द लिहितो आणि मग शब्दापुरती रेघ मारतो. मोडीत शब्द तोडत नसत, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. शाळेत शुद्धलेखन शिकलेल्या हाताला हे विसरणे फार अवघड जाते. शिवाय बनावट करणाऱ्याला मजकूर लागतो आणि तो बहुधा छापील ग्रंथातून घ्यावा लागतो. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. १९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तराचे ४५ खंड बाहेर आले. या ग्रंथांत मजकूर देवनागरीत छापलेला आहे, संपादकांनी शब्द तोडले आहेत, न लागलेली अक्षरे अंदाजाने भरली आहेत. हा छापील मजकूर पुन्हा मोडीत उतरवला की संपादकाची तोड आणि संपादकाची चूक दोन्ही कागदावर येतात. म्हणून छापून आलेल्या पत्राची ‘मूळ प्रत’ कुणी विकायला काढली तर दोनच शक्यता राहतात. पत्र ज्या संग्रहातून छापले तिथून ते बाहेर पडले असेल, किंवा ते कधी मूळ नव्हतेच. दोन्ही प्रसंगी संग्रहाला विचारल्याशिवाय बोली लावणे गैर आहे.

तारखेची कसोटी त्याहून कठोर आहे. मराठी दफ्तरात सुहूर सन चाले आणि तो अरबी अंकनावांनी लिहीत. पानिपतचे साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या आरंभी बदलते. त्यामुळे इसवी सनातून जूननंतर ५९९ वजा करावे लागतात आणि जूनपूर्वी ६००. ज्याला एवढेच माहीत आहे की सहाशे वजा करायचे, तो डिसेंबर १७९१ च्या पत्रावर ‘इहिदे तिसैन’ लिहील. खऱ्या कारकुनाच्या लेखणीतून तिथे ‘इसन्ने तिसैन’च येणार. त्यापुढे हिजरी महिन्याची ‘छ’ या खुणेने दिलेली तिथी, तिच्याशी जुळणारा वार, आणि छत्रपतींच्या कागदांत राज्याभिषेक शकाचे वर्ष. हा शक ६ जून १६७४ पासूनचा. त्याआधीच्या पत्रावर तो दिसला तर अक्षर कितीही सुंदर असो, पुढे काही पाहायचे कारण उरत नाही.

युद्धपत्रांना तर आणखी एक कसोटी लागते, ती मुक्कामाची. छावणी रोज सरकत असते आणि पत्राच्या शेवटी मुक्काम लिहिलेला असतो. बंगळुरूचेच उदाहरण घेऊ. २१ मार्च १७९१ च्या रात्री लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूचा हा किल्ला घेतला. आता समजा, किल्ला पडल्याची हकीगत सांगणारे, त्याच दिवशीचे, मुक्काम बंगळुरू आणि खाली परशुरामभाऊ पटवर्धनांची दस्तुरखुद्द ओळ असे पत्र कुणी पुढे आणले. नाव मोठे, प्रसंग मोठा, गावही बोली लावणाऱ्याच्या ओळखीचे. पण परशुरामभाऊ सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत धारवाडच्या वेढ्यात गुंतले होते. मराठी फौजा कॉर्नवॉलिसला मिळाल्या त्या मे महिन्याच्या अखेरीस, मेलुकोटेजवळ. तेव्हा असे पत्र अक्षरतज्ज्ञापर्यंत नेण्याचीही गरज नाही. खरे शास्त्रींचे खंड कपाटातून काढावेत, इंग्रजी बाजूच्या तारखा शेजारी ठेवाव्यात, आणि निकाल लागतो. मराठ्यांच्या कर्नाटकातल्या मोहिमांबाबत ही सोय मोठी आहे, कारण त्याच प्रसंगाची दुसऱ्या पक्षाची कागदपत्रे इंग्रजी, फारसी आणि कन्नडमध्ये आहेत. बनावट करणाऱ्याला एक हात जुळवायचा असतो, इथे त्याला चार दफ्तरे जुळवावी लागतात.

यावर कुणी म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, कागद प्रयोगशाळेत पाठवावा. प्रयोगशाळेचे मोल मी कमी लेखत नाही. १९८३ साली ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून गाजवलेल्या रोजनिशा शेवटी प्रयोगशाळेनेच उघड्या पाडल्या. कागदात युद्धानंतर प्रचारात आलेले, कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन सापडले. पण त्याच प्रकरणाचा दुसरा धडा आपल्याला जास्त लागू पडतो. प्रयोगशाळेच्या आधी अक्षरतज्ज्ञांनी त्या रोजनिशा खऱ्या ठरवल्या होत्या. ताडून पाहण्यासाठी त्यांना हिटलरच्या अक्षराचे जे नमुने दिले गेले, त्यांत कोनराड कुयाऊ या बनावट करणाऱ्यानेच लिहिलेले कागद मिसळलेले होते. अक्षर अर्थातच जुळले. नमुना कुठून आला हे विचारले नाही, तर ताडून पाहणे बनावटीलाच पाठिंबा देते. मराठी कागदांत हा धोका मोठा आहे, कारण एका लिलावात खपलेले पत्र पुढच्या लिलावात नमुना म्हणून दाखवले जाऊ शकते. नमुना घ्यायचा तर तो भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा पुण्याचे दफ्तर यांसारख्या, कागद केव्हा आणि कुठून आला याची नोंद ठेवणाऱ्या संग्रहातूनच घ्यावा.

प्रयोगशाळेची दुसरी मर्यादा आपल्याच मातीतली आहे. युरोपातल्या जुन्या कागदांवर लोहयुक्त शाई असते, ती कागद खाते, तपकिरी पडते, आणि त्या खुणांवरून तिथले तज्ज्ञ बोलतात. आपली शाई काजळाची आणि डिंकाची. ती शतके काळीच राहते आणि आजही कुणाला घरी घोटता येते. जुन्या वहीतली कोरी पाने मिळाली की कागदही खराच जुना. त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ बनावटी स्वतःच दोनअडीचशे वर्षांच्या आहेत. वतनाचे तंटे चालत तेव्हा खोटे महजर आणि कृत्रिम सनदा पुढे येत, आणि गोतसभेला त्यांची शहानिशा करावी लागे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनचे काम सुरू झाले तेव्हा सनद दाखवता येणे म्हणजे जमीन राखता येणे होते. त्या काळी बनवलेला कागद आज प्रयोगशाळेत ठेवला तर कागद जुना, शाई जुनी, असाच अहवाल येईल, आणि तो अहवाल खराही असेल. जुनेपणा सिद्ध होईल, खरेपणा नाही. प्रयोगशाळा ‘नाही’ ठामपणे सांगू शकते. ‘हो’ म्हणण्याचा अधिकार तिला एकटीला देता येत नाही.

याला लागूनच तालीक, म्हणजे नकलेचा प्रश्न येतो. दफ्तरात महत्त्वाच्या पत्राची नक्कल ठेवण्याचा रिवाज होता. मूळ हरवले तर असलबरहुकूम नवी प्रत करून घेत. या नकला करणारी माणसे कुणालाही फसवत नव्हती. त्यांच्यामुळेच कित्येक पत्रांचा मजकूर आपल्यापर्यंत पोचला. पण तीच तालीक लिलावाच्या यादीत ‘मूळ पत्र’ या नावाखाली आली की त्या क्षणी तिची बनावट होते, आणि ती करणारा अठराव्या शतकातला कारकून नसून आजचा यादी लिहिणारा असतो. सही खोटी असण्याआधी शब्द खोटा होतो. शिवाजी महाराजांनी दादाजी नरस प्रभूंना लिहिलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या १६४५ च्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांनी दीर्घ वाद घातला, तो शिवभक्ती कमी होती म्हणून घातला नाही. मूळ, नक्कल आणि मागाहूनची रचना यांतला फरक पाळला नाही तर इतिहासच उभा राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बाजारानेही निदान तेवढी शिस्त पाळावी.

मग कागदाचा खरेपणा पहिल्यांदा कशात शोधायचा? माझे उत्तर आहे ताब्यात: कागद कुणाकडून कुणाकडे गेला, कोणत्या रुमालात, म्हणजे दफ्तराच्या कापडी गाठोड्यात, होता, शेजारी कोणते कागद होते. हे उत्तर माझ्या पदरचे नाही. आपल्या कायद्याने ते केव्हाच दिले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे नव्वदावे कलम सांगत होते की तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर न्यायालयाला त्यावरची सही व अक्षर खरे धरता येते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. सही ताब्यावरून खरी मानायची, ताबा सहीवरून नव्हे. कर्नाटकातच याची दोन चांगली उदाहरणे आहेत. १७९१ मध्ये मराठी फौजेच्या टोळीने शृंगेरी लुटली, त्यानंतर टिपूने मठाला लिहिलेली कन्नड पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठातच मिळाली. ज्याला लिहिली त्याच्याच घरी ती होती. टिपूबद्दल कुणाचे मत काहीही असो, या पत्रांवर विसंबून वाद घालता येतो. दुसरे उदाहरण लेविन बोअरिंग यांचे. १८६२ ते १८७० या काळात ते म्हैसूरचे कमिशनर होते, बंगळुरूचे बोअरिंग रुग्णालय त्यांच्याच नावाचे. त्यांनी भारतीय संस्थानिकांसंबंधीचे कागद आणि चित्रे जमवली. तो संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत गेला आणि त्यातले झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे, १८५७ च्या उठावापूर्वीचे पत्र २००९ मध्ये प्रकाशात आले. ते हाती आले तेव्हाच त्याची वाट माहीत होती. तेच पत्र नाव न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून आले असते तर प्रत्येक अक्षरावर वाद झाला असता, आणि तो योग्यच ठरला असता.

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला असा वाटतो की मराठी कागद संस्थांत जितके आहेत तितकेच वाड्यांत, पेटाऱ्यांत, देव्हाऱ्यामागे आहेत. देशमुख, देशपांडे, कुलकर्ण्यांच्या घरांकडे, कर्नाटकात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडे, पावत्या आणि दाखले नाहीत. ताब्याचा पुरावा मागितला तर खरे कागद बाजारातून हद्दपार होतील आणि शेवटी रद्दीत जातील. भीती खरी आहे. पण ताब्याचा पुरावा म्हणजे पावतीच असते असे नाही. जुना रुमाल स्वतःच पुरावा असतो. एका घराच्या रुमालात एका गावचे कागद असतात, त्याच कारकुनाचे अक्षर पुन्हापुन्हा येते, महसुलाच्या कंटाळवाण्या याद्यांमध्ये एखादे लढाईचे पत्र दडलेले असते. त्या याद्यांना बाजारात किंमत नाही, आणि खोटे रचणारा त्या कधी रचत बसत नाही. त्यामुळे त्यांच्यामधून निघालेले पत्र सहसा खरे निघते. नुकसान होते ते रुमाल सोडून ‘सहीचा’ कागद वेगळा काढला जातो तेव्हा. त्या एका कृतीने खऱ्या पत्राचा साक्षीदार नाहीसा होतो आणि ते पत्र खोट्या पत्राच्या शेजारी त्याच दर्जाने जाऊन बसते. सहीला भाव देणारा बाजार अशा रीतीने खोटे आणतो आणि खऱ्यालाही निराधार करतो.

दुसरा आक्षेप असा की लिलाव करणाऱ्याला मोडी येत नाही, वाचणारे थोडे, आणि प्रत्येक कागद एवढा तपासायला वेळ कुणाला? वाचणारे थोडे आहेत हे खरे. पण महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, शिकलेली तरुण मंडळी आहेत, आणि मजकूर वाचलाच नसेल तर वस्तू विकायला काढण्याची घाई कशाची? तांब्याचे नाणे विकतानाही त्याचे वजन लिहितात. पत्र विकताना त्याचे पूर्ण लिप्यंतर, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शिक्क्याचे माप आणि ते कुठून आले याची माहिती यादीत छापणे ही किमान अपेक्षा आहे. लिप्यंतर छापले की वर सांगितलेल्या तारखेच्या आणि मुक्कामाच्या कसोट्या कुणीही जाणकार घरबसल्या लावू शकतो. आज यादीत दिसतो तो शिक्क्याचा कोपरा आणि मोठे नाव.

कायद्याकडून इथे फारशी मदत नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पुरावशेष मानतो, त्यांची परदेशी निर्यात रोखतो, व्यापाऱ्याला परवाना घ्यायला लावतो. जुनी वस्तू देशाबाहेर जाऊ नये ही त्याची काळजी. विकलेली वस्तू खरी असावी ही काळजी त्याने केलेली नाही. दरम्यान सरकारही आता बोली लावणाऱ्यांत आले आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. मराठ्यांची वस्तू परत आली याचा आनंद आहेच. मात्र तलवारीचे पाते, मूठ, सोन्याचे कोरीव काम यांतून कारागिराची साक्ष मिळते. कागदाच्या बाबतीत तेवढाही आधार नसतो. उद्या सार्वजनिक पैशातून एखादे युद्धपत्र घेण्याची वेळ आली, तर बोली लावण्याआधी त्याचे लिप्यंतर आणि ताब्याचा इतिहास जाहीर व्हावा, आणि मोडीच्या जाणकारांना आक्षेप घ्यायला मुदत मिळावी. जिथे ताब्याची साखळी सांगितली जात नाही, तिथे शासनाने हात आखडता घ्यावा.

ज्यांच्या घरी असे रुमाल आहेत, मग ते साताऱ्यात असोत, बेळगावात असोत की मल्लेश्वरममध्ये, त्यांच्याकडे एकच मागणे आहे. रुमाल सोडण्याआधी तो बांधलेल्या स्थितीत छायाचित्र काढून घ्या. कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यांवर पेन्सिलीने नव्हे, तर वेगळ्या चिठ्ठीवर आकडे घाला. विकायचे ठरले तर अख्खा रुमाल विका किंवा एखाद्या संस्थेला द्या. त्यातला एक ‘सहीचा’ कागद कुणी मागितला, कितीही पैसे देऊ केले, तरी तो वेगळा काढून देऊ नका.